टेंभेकरच्या दोन खुर्च्या

हरिहर टेंभेकरवर लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या कॉलेजातले जुने लोक एखाद्या लग्नात नाहीतर तेरवीला भेटले की त्याचा विषय निघतोच. कोणीतरी त्याच्या दोन खुर्च्यांची नक्कल करतं, सगळे हसतात, आणि हसणं ओसरलं की एखादा हळूच म्हणतो, "पण खुर्चीपायी स्वतःचा विभाग बंद केला हो त्या माणसानं." मी तिथेच बसलेला असतो. चहा पीत असतो. गेल्या थंडीत टेंभेकर वारला. आता तरी खरं काय ते लिहिलं पाहिजे.

आधी खुर्च्यांचं सांगतो.

टेंभेकर तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि विभागप्रमुख. जबलपुरातलं आमचं कला महाविद्यालय लहानसं. प्राचार्य निवृत्त झाले, नवीन कोणी नेमलं नाही, आणि टेंभेकर प्रभारी प्राचार्य झाला. प्रभारी म्हणजे पगार प्राध्यापकाचा आणि शिव्या प्राचार्याच्या. विभागप्रमुखपदही त्याच्याकडेच राहिलं. त्यामुळे विभागाला काही हवं असलं तर ते टेंभेकरनं टेंभेकरकडेच मागायचं. दुसरा कोणी असता तर एकाच बैठकीत दोन्ही सह्या करून मोकळा झाला असता. टेंभेकरला ते अप्रामाणिकपणाचं वाटे. तो उठायचा, टेबलाला वळसा घालून पाहुण्यांच्या खुर्चीत बसायचा आणि समोरच्या रिकाम्या फिरत्या खुर्चीला सांगायचा, सर, विभागाला एक कपाट पाहिजे. दोन-चार कारणं द्यायचा. मग परत वळसा घालून फिरत्या खुर्चीत बसायचा, चष्मा पुसायचा, थोडा वेळ छताकडे पाहायचा आणि म्हणायचा, "प्राचार्य नाही म्हणतात."

बहुतेक वेळा प्राचार्य नाहीच म्हणत. प्रोफेसर थोडे रुसत. पण दुसऱ्या दिवशी नवी कारणं घेऊन हजर होत.

तिवारीबाबू म्हणून आमचे हेड क्लर्क होते. ते दार किलकिलं करून आधी विचारत, "सर, अभी कौन बैठे हैं?" प्रोफेसर बसलेले असले तर बिलं तशीच घेऊन परत जात. एकदा तपासणीला आलेल्या एका बड्या गृहस्थांना टेंभेकरनं हात जोडून शेजारच्या खुर्चीत सरकायला लावलं होतं, कारण ते प्रोफेसरांच्या जागेवर बसले होते. आणि तासाची घंटा झाली की समोर कोणीही असो, हा खिशातला खडू चाचपत उठायचा. "चलो, पोरं बसली असतील," एवढंच म्हणायचा. पहिला तास मात्र तो सिहोऱ्याची बस आल्याशिवाय सुरू करत नसे. त्या बसनं येणारी चार-सहा मुलं होती. तोवर बाकीच्यांना तो वाट पाहणं म्हणजे नेमकं काय, यावर बोलायला लावायचा.

हे सगळं खरं आहे आणि नक्कल करण्याजोगं आहे. पण तो त्या खुर्चीत कसा पोचला, हे कोणाला ठाऊक नाही.

प्रभार ज्येष्ठतेनं जातो, आणि ज्येष्ठ मी होतो. मी अर्थशास्त्र शिकवायचो. कोर्टाच्या तारखा, विद्यार्थी नेत्यांचे घेराव, भोपाळच्या खेपा, हे सारं आधीच्या प्राचार्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं होतं. मला ते नको होतं. संध्याकाळचा पत्त्यांचा डावही सोडवत नव्हता. ओळखीच्या डॉक्टरकडून हृदयविकाराचा दाखला घेतला आणि असमर्थता लिहून दिली. माझं हृदय तेव्हा ठणठणीत होतं. आजही आहे.

त्याच संध्याकाळी टेंभेकर सायकल दामटत आमच्या घरी आला. चेहरा उतरलेला. पायरीवरूनच म्हणाला, "काहून नाही सांगितलं बापू? आपण रोज सोबत बसून राहिलो, अन् तू एकटा सहन करून राहिला. प्रभार मी घेतो. तू फक्त जिना चढू नको."

त्यानं ते शब्दशः पाळलं. अर्थशास्त्राचे सगळे वर्ग तळमजल्यावर आणले आणि तत्त्वज्ञानाचे वर नेले, पत्र्याखालच्या खोलीत. प्रोफेसरांनी हरकत घेतली, पण प्राचार्यांनी ती फेटाळली. समारंभात खोवा जलेबी आली की माझ्या बशीतली तो उचलून खायचा आणि वर म्हणायचा, "तुझ्यासाठी विष खाऊन राहिलो." मी खोट्या आजाराचं पथ्य वर्षानुवर्षं पाळलं. रोज सकाळी भंवरतालच्या बागेत मला फिरवायचा, बाकावर बसवायचा, घड्याळ पाहत माझी नाडी मोजायचा. "चांगली चालून राहिली," म्हणायचा, आणि असा खूश व्हायचा की जणू ती तोच चालवतो आहे. बायको मला घरी म्हणायची, सांगून टाका हो त्यांना. मी म्हणायचो, बघू.

प्राचार्यपण हळूहळू प्रोफेसरांना खात गेलं. आधी घंटा झाली की तो उठायचा. मग उठून पुन्हा बसायला लागला, कारण समोर वकील असायचा. मग नुसतं दाराकडे पाहायचा. वर, पत्र्याखाली, सिहोऱ्याची मुलं आता त्याची वाट पाहायला लागली. त्याच्या तासांवर एक अतिथी विद्वान आला. तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या मास्तरांना आमच्याकडे असं भारदस्त नाव आहे. तो गेला, दुसरा आला, तोही गेला. तत्त्वज्ञान घेणारी मुलं खरं म्हणजे टेंभेकर घेत होती. तो नाही म्हटल्यावर ती समाजशास्त्राकडे वळली. शेवटी वरून पत्र आलं, की विद्यार्थी कमी असलेले विभाग बंद करावेत आणि तसा प्रस्ताव प्राचार्यांनी पाठवावा.

तो दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आला. दार लोटून घेतलं. माझ्यासमोर उभाच राहिला.

"बापू, एक विचारतो. राग नको मानू. मी प्रभार सोडून वर्गात परत गेलो, तर दोन वर्षांत पोरं येतात. मला माहीत आहे, येतात. पण मग प्रभार तुझ्याकडे येईल. पक्क्या नोकरीचे आता आपण दोघंच उरलो. तुझ्या छातीला झेपेल?"

पहिलं खोटं मी विचार करून बोललो होतो. या वेळी विचारही करावा लागला नाही. माझा हात आपोआप छातीवर गेला.

टेंभेकरनं तो हात धरला. "नाही, नाही. बस तू. पाणी पी. मी विचारलंच नाही असं समज." आणि स्वतः माठातून पेला भरून आणला.

त्या दुपारी प्रोफेसर प्राचार्यांकडे शेवटचे आले. मला त्यानं शेजारी बसवून घेतलं होतं. पाहुण्यांच्या खुर्चीत बसून तो बराच वेळ बोलला. विभाग कोणी सुरू केला, कुठली कुठली मुलं शिकून गेली, तोफगोळ्यांच्या फॅक्टरीतल्या कामगाराचा एक मुलगा रात्रपाळीच्या बापाचा डबा पोचवून कसा वर्गात यायचा, सगळं सांगितलं. तिवारीबाबू दारात उभे होते. कौन बैठे हैं, असं त्यांनी विचारलं नाही. मग टेंभेकर उठला, वळसा घालून फिरत्या खुर्चीत बसला. चष्मा पुसला नाही. "प्राचार्य," एवढंच म्हणाला आणि विभाग बंद करण्याच्या प्रस्तावावर सही केली. त्यानंतर तो पाहुण्यांच्या खुर्चीत कधी बसलेला मी पाहिला नाही. निवृत्तीपर्यंत तिच्यावर फायली साचत गेल्या.

खुर्चीपायी विभाग विकला, हे बोलणं त्याच आठवड्यात सुरू झालं. त्याच्या कानावर गेलं असणारच. खुलासा एका वाक्याचा होता, पण ते वाक्य माझ्यापाशी होतं.

पुढे तो निवृत्त झाला. त्याची बायको, शैलावहिनी, वारल्या. मुलगी मुग्धा त्याला बंगलोरला घेऊन जायला आली. मदनमहल स्टेशनवर मी सोडायला गेलो. माझं वाक्य तयार होतं. हरी, माझ्या छातीला कधीच काही झालेलं नव्हतं. रिक्षात पुटपुटत आलो होतो. मुग्धा पाण्याच्या बाटल्या आणायला गेली आणि बाकावर आम्ही दोघंच उरलो.

मी म्हणालो, "हरी, तुला एक सांगायचं आहे."

"थांब, आधी माझं ऐक. मग गाडी येईल," तो म्हणाला. "काल मुग्धानं विचारलं, बाबा, ते प्राचार्य होऊन तुम्हाला मिळालं काय? मी रात्री दोघांनाही विचारलं." तो माझ्या उजवीकडे बसला होता. "प्रोफेसर म्हणतात, सब घाटे का सौदा. वर्ग गेला, विभाग गेला, नाव गेलं."

मग गुडघ्यावर हात टेकत तो उठला. माझ्यासमोरून वळसा घातला आणि डावीकडे येऊन बसला. किती वर्षांनी पाहत होतो मी हे. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"प्राचार्य म्हणतात, बापू बसला आहे ना शेजारी? मग बस झालं."

त्यानं माझं मनगट हातात घेतलं. घड्याळ पाहत ओठ हलवत राहिला. मुग्धा बाटल्या घेऊन परत आली तशी तिला म्हणाला, "हे बघ. हा माणूस तेव्हा प्रभार घेता तर वर्षभर जगत नव्हता. इतकं तर केलं तुझ्या बापानं." मुग्धा माझ्याकडे पाहून हसली. "काका, बाबा मागे बंगलोरला आले होते तेव्हा पण तुमचंच सांगत होते सगळ्यांना," म्हणाली.

गाडी आली. ती मदनमहलला फार थांबत नाही. सामान चढवलं, त्याला चढवलं. खिडकीशी बसल्यावर त्यानं गजांतून हात बाहेर काढला आणि विचारलं, "काय सांगून राहिला होता बापू?"

त्याच्या हातात माझा हात होता. मी म्हणालो, "काही नाही रे. गोळ्या वेळेवर घेत जाईन."