गावंडेभाऊंची चूक

माउथ ऑर्गन वाजवण्याआधी आमचे शेजारी गावंडेभाऊ वाद्यांची हजेरी घेतात. घरात वाद्य एकच, तेही त्यांच्याच हातात. बाकीची सगळी मोबाइलमधल्या ट्रॅकवर. तरी ट्रॅक सुरू झाला की हे खुर्चीत ताठ बसून पुकारतात, "तबला हजर. बासरी हजर. वायलिनवाले कुठं उलथले?" वायलिनवाले कुठल्याशा स्टुडिओत वाजवून कधीच घरी गेलेले असतात. पण क्षणभरानं त्यांचा ताफा स्पीकरमधून येतो आणि गावंडेभाऊ नाराजीनं म्हणतात, "लेट."

त्यांचाही इलाज नाही. राजूरकडच्या एका कोळसा खाणीवर ते उभा जन्म हजेरीबाबू होते. शिफ्टचा भोंगाही त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे वाजवण्याचा अनुभव दांडगा, असं आमच्या वणीच्या कॉलनीत लोक म्हणतात. हल्ली निवृत्त माणसांत गाण्याबजावण्याची साथच आली आहे. सकाळी बागेत शुगरवर बोलणारी मंडळी संध्याकाळी कराओकेचा माइक हातात घेऊन नव्यानं प्रेमात पडतात. गावंडेभाऊंनी माइक घेतला नाही, एवढे त्यांचे उपकार. त्यांनी ट्रंकेतला जुना माउथ ऑर्गन काढला आणि पोरानं पुण्याहून पाठवलेल्या स्पीकरसमोर बैठक मांडली.

चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. स्वतः उशिरा घुसले तर ट्रॅक लवकर सुटला. दम संपला तर ट्रॅक पळाला. एकदा मधेच कुणाचा तरी फोन आला आणि ट्रॅक बंद पडला, तर त्यांनी अख्ख्या वाद्यवृंदाची अर्धी रजा लावली.

या कारभाराला विरोधी पक्ष होता तो एकच, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता त्यांचा कान बाहेर असायचा. सूर जरा घसरला की आतून आवाज यायचा, "चुकलं जी." गावंडेभाऊ आमच्याकडे वळून म्हणायचे, "इले सुरातलं काय समजते?" आणि मग तीच ओळ निमूटपणे पुन्हा, बरोबर वाजवायचे.

गेल्या उन्हाळ्यात वहिनींना लकवा मारला. हातपाय हळूहळू हलू लागले, वाचा तेवढी परत आली नाही. त्यांना समोरच्याचं सगळं कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. आम्हाला वाटलं, आता वाजवणं थांबेल. ते थांबलं तर नाहीच, उलट एकाच गाण्यात रुतून बसलं.

गाणं जुनं हिंदी. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत सूर वरच्या 'सा'वर चढायला हवा, तिथं भाऊ अलीकडच्या 'नी'वरच अडकतात. रोज अडकतात. अडकले की ट्रॅक बंद करतात, जरा वेळ माउथ ऑर्गन पुसत बसतात आणि पुन्हा तबल्यापासून हजेरी सुरू. समोरच्या किराणावाल्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण ती जागा जवळ आली की तोही गिऱ्हाईक सोडून दात खातो. विरोधी पक्षाची वाचा बसली की सत्तेचं असंच होतं, असं मी कट्ट्यावर म्हणालो आणि सगळे पोट धरून हसले.

अशात दुर्गोत्सवाच्या कार्यक्रमाला गावंडेभाऊंनी आपलं नाव दिलं आणि मंडळाला घाम फुटला. मी भजनात पेटी वाजवतो म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. त्यांना तो सा शिकवा, नाहीतर नाव मागे घ्यायला लावा, असं मला सांगण्यात आलं.

मी संध्याकाळी गेलो. वहिनी आतल्या खोलीत दाराजवळच्या खाटेवर बसून डाव्या हातानं मेथी निवडत होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो, चहा घेतला आणि शेवटी म्हणालो की भाऊ, तिथं नी लागतो, सा पाहिजे. त्यांनी माझ्याकडे कामावर उशिरा आलेल्या मजुराकडे बघावं तसं बघितलं. मग ट्रॅक न लावताच माउथ ऑर्गन ओठांना लावला आणि ती ओळ अगदी हळू, आत ऐकू जाणार नाही अशी वाजवली. सा असा नेमका लागला की मी पेटी वाजवतो हे सांगायची मला लाज वाटली.

"मग रोज चुकता कशाला?" मी विचारलं.

त्यांनी आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "बुवा, बराबर वाजवलं त थे बोलन कायले? याच जाग्यावर टोकत जाय मले, लग्न झालं तवापासून. डॉक्टर म्हणते, वाचा आली तर येईन. म्या म्हटलं, बोलाले काई कारण तर पायजे."

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ट्रॅक लावला, तबला हजर झाला, बासरी हजर झाली, वायलिनवाले लेट आले. मुखडा झाला, अंतरा आला, दुसरी ओळ आली. नी लागला. भाऊंनी ट्रॅक बंद केला.

रोज याच वेळी मी माझ्या घरात कपाळाला हात लावतो. आज मी आतल्या दाराकडे बघत बसलो होतो. मेथी निवडणारा हात थांबला. वहिनींचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. "चु," एवढंच आलं. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा जोर लावला. "चुक." पुढचं काही येईना, तेव्हा हातातली काडी त्यांनी रागानं ताटात टाकली.

गावंडेभाऊ माउथ ऑर्गन बनियनला पुसत राहिले. बराच वेळ पुसला. मग डोळे घळाघळा वाहत असताना माझ्याकडे वळून, नेहमीच्याच तोऱ्यात म्हणाले, "आयकलं का बुवा? इले सुरातलं काय समजते?"

आणि तीच ओळ त्यांनी निमूटपणे पुन्हा वाजवली. या वेळी सा लागला.