डोमामामांच्या पोपटाची चोच

घरात आलेल्या माणसाला डोमामामा पाणी विचारत नाहीत. आधी विचारतात, "जंगल खात्यात कोणी आहे का तुमचं?" नाही म्हटलं तरी पिंजऱ्यावर टॉवेल पडतोच. पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून अख्खं सिहोरा गाव त्यांना खबऱ्या वाटतं.

मी त्यांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, म्हणजे पहिली संशयित. दारात सडा टाकत असले तरी खिडकीतून आवाज येतो, "कायले एवढा वेळ लावून राहिली वं?" माझी मांजर म्हणे माझ्याच सांगण्यावरून त्यांच्या कौलांवर फिरते. अहो, ती माझं ऐकत असती तर माझं दूध शाबूत राहिलं नसतं का?

पोपटाचे पंख ते स्वतःच कापतात. त्याला पंच्यात गुंडाळायचं, एकेक पंख उलगडायचा आणि लांब पिसं कात्रीनं अर्धी करायची. हात जराही थरथरत नाही. कापलेली पिसं लगेच चुलीत, पुरावा नको. एवढं करून पिंजऱ्याच्या दाराला दोन कड्या आहेतच. "पाखराचा का भरवसा?" म्हणतात.

यंदा मात्र पोपटाची चोच वाढली. वरची बाजू इतकी वाकली की हरभऱ्याचा दाणा फुटेना. मामा मऊ भात बोटानं भरवू लागले, पण पोपट वाळतच चालला. मी म्हटलं, "मामा, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. चोच घासून देतील."

"तुले का करा लागते?"

पंख सपासप कापणारा माणूस चोचीला हात लावू देईना, म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. मला वाटलं, कायद्याच्या भीतीनं हे त्या मुक्या जिवाला उपाशी मारणार. माझं डोकंच फिरलं. न विचारता डॉक्टरांना घेऊन आले.

मामांनी दार अडवलं. डॉक्टर म्हणाले, "मी तक्रार करायला नाही आलो. चोच कमी करतो अन् जातो."

मामा खाली बघत पुटपुटले, "आवाज तर नाही ना बदलणार जी?"

"चोचीचा आवाजाशी काय संबंध?"

"बासरीचं तोंड कापलं का सूर बदलते. मले माहीत आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुह्या मामीचा आवाज आहे वं त्याच्यापाशी. फोटो आहे, साड्या आहेत. आवाज दुसरीकडं कुठीच नाही."

मामींना जाऊन वर्ष झालं होतं. मामा दारातून बाजूला झाले.

डॉक्टरांनी कानशीनं चोच घासली. मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. डॉक्टर गेले. मीही निघाले, तर मामा म्हणाले, "थांब ना जरा."

आम्ही दोघं पिंजऱ्यासमोर बसून राहिलो. पोपटानं हरभरा फोडला, दुसरा फोडला. बोलेना. मामांचा चेहरा बघवत नव्हता. मी मनातून पार घाबरले होते.

आणि मग थेट मामी बोलल्या, "अजी, जेवून घ्या ना. कवाचं वाढून ठेवलं."

मामा लगबगीनं उठले. फळीवरून ताट काढलं, मांडी घालून बसले आणि पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "हो वं. बसलो ना."

ताटात काहीच नव्हतं. मी चुलीजवळ गेले, डोळे पुसले आणि त्यांना भात वाढला.