सहा आकडे आणि सख्खी बहीण

"मावशी, ओटीपी सांगा," ऑनलाइन अर्ज भरून देणारा सेवा केंद्रवाला म्हणाला.

शिवणवाल्या मावशींनी आपला मोबाइल उलटसुलट करून पाहिला. काहीच आलं नव्हतं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. बाजारातल्या गाळ्याच्या परवान्याचं नूतनीकरण पाचच्या आत ऑनलाइन झालं नाही, तर गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता. बावीस वर्षं तिथे मशीन चालवून मावशींनी घर उभं केलं होतं. पूर्वी खिडकीतल्या कारकुनापुढे चार शब्द गोड बोललं की काम व्हायचं. आता खिडकी बंद झाली होती, आणि संगणकापुढे गोड बोलून भागत नाही.

"शेवटी सत्तेचाळीस असलेल्या नंबरवर गेलाय," केंद्रवाला म्हणाला.

सत्तेचाळीस म्हणजे ताई! पहिल्या नोंदणीच्या वेळी मावशींकडे मोबाइलच नव्हता, म्हणून थोरल्या बहिणीचा नंबर दिला होता. पुढे ताईच्या मुलीच्या लग्नात मावशींनी शिवलेला ताईचा ब्लाउज भर पाहुण्यांत पाठीवर टर्रकन उसवला, आणि तेव्हापासून चार वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मग नंबर बदल की!"

"बदलायचा ओटीपीही तिकडेच जातो, मावशी."

मावशींचा मोबाइल भांडणानंतरचा, त्याचा नंबर ताईला ठाऊक नव्हता. मावशींनी मनाचा हिय्या करून फोन लावला. "ताई, मी बोलतेय गं. तुझ्या मोबाइलवर सहा आकडे आलेत, ते सांग."

"ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. बँकेनं बजावलंय."

"अगं, मी तुझी सख्खी बहीण!"

"सगळे असंच म्हणतात. हल्ली हुबेहूब आवाजसुद्धा काढतात मेले!" फोन बंद.

केंद्रवाल्याने दुसरा ओटीपी मागवला. "पाचपर्यंत चालेल. दिवसाला दोनच मिळतात, हा शेवटचा."

मावशींनी पुन्हा फोन लावून आईचं नाव सांगितलं, स्वतःची जन्मतारीख सांगितली.

"ते सगळं कुठल्याही फॉर्मवर असतं," ताई म्हणाली.

सात मिनिटं उरली. गाळा गेला तर खायचं काय? शेवटी त्यांनी मानपान गुंडाळून ठेवला.

"ताई, ब्लाउजची चूक माझीच होती. मापच चुकलं माझं. माफ कर मला."

मावशींचे डोळे भरून आले. केंद्रवाल्यानेही मान खाली घातली.

"आता तर खात्रीच पटली," ताई म्हणाली. "माझी बहीण जन्मात चूक कबूल करायची नाही. थांब, पोलिसांत देते तुझा नंबर!" फोन बंद.

चार मिनिटं. मावशींनी तिसऱ्यांदा फोन लावला, आणि पलीकडून हॅलो व्हायच्या आत चार वर्षांचा राग उसळून बाहेर आला.

"माप बरोबरच होतं! माप दिल्यावर महिनाभर चापून खाल्लंस तू, फुगलीस तू, आणि नावं माझ्या शिलाईला? शंभरदा सांगेन, चूक तुझीच होती!"

"अगं बाई, तूच आहेस की गं!" ताईचा आवाज एकदम ओला झाला. "लिही पटकन. आठ, शून्य, तीन..."

अर्ज स्वीकारल्याचा हिरवा शिक्का पडद्यावर उमटला, तेव्हा पाचला एक मिनिट कमी होतं. केंद्रवाल्याने कपाळ पुसलं. "मावशी, पुढच्या वर्षी हा घोळ नको. उद्या नवा ओटीपी मागवून तुमचा नंबर टाकू?"

फोन अजून मावशींच्या कानालाच होता. पलीकडे ताई तावातावाने शिलाईतल्या चुका मोजत होती.

"राहू दे तोच," मावशी त्याला हळूच म्हणाल्या, आणि फोनमध्ये कडाडल्या, "बाह्यांचं काय म्हणालीस? पुन्हा बोल!"