इंदूताईंचा कप्पा

गाण्याच्या सीडीला पुठ्ठ्याचं पाकीट करायचं असलं की ती स्वतः माप द्यायला येते, आणि पाकीट पसंत पडलं तर सोबत आणलेल्या फॉर्मवर आपला गोल ठसा उमटवते. तीनदा नापसंत पडलं तर कोरी होते. नियमच तसा आहे आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मिरजेत आमचा खोक्यांचा कारखाना. तीस वर्षं मी पेढ्या-बर्फीची खोकी केली, सीडीची पाकिटं अलीकडची. आत काही हलता कामा नये, हे पेढ्याच्या खोक्याचं पहिलं शास्त्र. ती सवय माझ्या हाडीमाशी खिळलेली.

अनसूयाबाई हळबे यांची सीडी सोमवारी सकाळी आली आणि खुर्चीत बसली. बाईंचं वय एक्याऐंशी. जन्मात ध्वनिमुद्रण केलं ते हे एकच, आणि दोन महिन्यांनी त्यांचा गाता आवाज गेला. ही सीडी कोरी झाली की बाईंचं गाणं कायमचं गेलं. म्हणून मी जीव ओतून पाकीट केलं. जाड पुठ्ठा, सुबक घडी, रंग जांभळा.

"घट्ट होतंय," सीडी म्हणाली.

दुसरं पाकीट मी दोन मिलिमीटर सैल केलं.

"अजून घट्टच आहे."

"अहो, याहून सैल केलं तर खुळखुळ्यासारख्या वाजाल!" मी चिडूनच म्हणालो. "माझं माप कधी चुकत नाही."

"माप तुम्ही एकीचंच घेतलंत, उपाध्ये. आत आम्ही दोघी आहोत. फॉर्म वाचलात का?"

मी वाचला नव्हता. पेढ्यांना फॉर्म नसतो. 'आतील व्यक्ती (दुसरीकडे कुठेच मुद्रण नसलेल्या)' या रकान्यात लिहिलं होतं: अनसूया हळबे, गायन. इंदू चोपडे, तंबोरा.

इंदूताई चाळीस वर्षं बाईंच्या मागे बसून तंबोरा छेडत होत्या. मुद्रण झालं आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. पाकिटावर मी तबलजींचं नाव घातलं होतं, पेटीवाल्यांचं घातलं होतं, अगदी मुद्रण झालं त्या हॉलच्या मालकाचंही घातलं होतं. तंबोऱ्याचं राहिलं होतं. ते नेहमीच राहतं. मला फार लाज वाटली.

तिसरं पाकीट दोन कप्प्यांचं केलं. उजव्यात सीडी, डावा मोकळा, आणि त्यावर इंदूताईंचं नाव. आत काही हलू शकेल अशी वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदाच केली. सीडी आत शिरली, एकदा गर्रकन फिरली आणि बाहेर येऊन तिने ठसा उमटवला. मी तिचे मनापासून आभार मानले. दोनदा नाही म्हणून सुधारायला वेळ देणारं गिऱ्हाईक पेढ्यांच्या धंद्यात मला भेटलं नाही.

ते पाकीट मी स्वतः बाईंच्या घरी नेऊन दिलं. त्यांनी ते उघडलं, डाव्या कप्प्यावर तळहात ठेवला आणि वाकून कुजबुजल्या, "इंदू, तू मागे होतीस म्हणून मी गायले. चाळीस वर्षांत एकदाही वळून बघितलं नाही गं."

कप्प्यात तंबोरा सुरू झाला. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"पंचम जरा उतरलाय," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

कप्प्याने तो चढवून घेतला.