मास्तरांचा कंबरपट्टा

ऑपरेशनात शिंपीमास्तरांचा फायदाच फायदा होता! हक्काचा पलंग, उशाशी चहा, मशीनची खडखड बंद आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची मान हळहळीने तिरकी. व्यायामात काय होतं? घाम. शिवाय व्यायाम करणाऱ्याला बघायला कोणी येत नाही!

वर्षानुवर्षं दुखून कंबर थकली होती. तिची कहाणी ऐकणारे त्याहून थकले होते.

सर्जनने मागेच बजावलं होतं, "घाई नको. आधी पट्टा आणि व्यायाम मनापासून करा. उतार पडला नाही तरच ऑपरेशनचं बघू. आणि तेही काही रामबाण नाही." यातलं नको ते मास्तरांनी कातरून टाकलं. कातरणं हा धंदाच त्यांचा!

"पट्ट्याने काडीचा फरक नाही," त्यांनी बायकोला सांगितलं. "उद्या ऑपरेशनला होकार कळवतो."

बायकोला वेगळाच घोर. टेबलावर हे झोपणार, पण दाराबाहेर जीव मुठीत धरून बसणार कोण? तिने तडक भावाला बोलावलं. भाऊ गोदामात मुकादम. "उचला रे, उचला!" एवढंच ओरडण्यात हयात गेलेली. स्वतः कधी खोकंही हलवलं नव्हतं.

"दाजी, आमचे हमाल पट्ट्याच्याच जिवावर तगलेत! आणा इकडे." त्याने पट्टा स्वतःच्या कमरेला आवळला. "आता बघा, हे शिलाई मशीन एका दमात उचलतो!"

मास्तरांनी तोंड उघडलं. पण खरं सांगावं, तर पलंग हातचा जाणार. त्यांनी ते मिटलं. "राहू दे रे," एवढंच पुटपुटले.

मशीन वीतभर उचललं गेलं. पट्टा उशीच्या अभ्र्यासारखा दुमडला. मशीन धप्पकन जागेवर बसलं, मेहुणा मात्र काटकोनातच राहिला.

"ताई गं! मला वर बघताच येईना!"

मास्तर धावले, त्याच्या काखेत हात घातले आणि ते अवजड धूड थेट पलंगावर नेऊन टाकलं! बायको बघतच राहिली. मग तिने भावाच्या कमरेचा पट्टा सोडून चाचपला.

"अहो, यातल्या पोलादी पट्ट्या कुठे गेल्या?"

"त्यांच्यामुळे सदऱ्याला चुण्या पडायच्या. शिंप्यानेच असं गबाळं फिरायचं?"

"कुठे गेल्या?"

"वकीलसाहेबांच्या कोटात," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. "ते पोक काढून उभे राहतात. पाठीला झोळ येत होता. टाकल्या अस्तरात."

तेवढ्यात दारात वकीलसाहेब! खांबासारखे ताठ!

"मास्तर, कोट आहे की जादू? पाठीचं जुनं दुखणं पळालं! ऑपरेशन ठरलं होतं, ते रद्द करून आलोय. अस्साच आणखी एक शिवा!"

बायको नवऱ्याकडे वळली. "उद्या सर्जनला फोन मी करते. म्हणावं, आमचे उपचार अजून सुरूच व्हायचेत."

तेव्हा हिशेब असा: पट्टा मास्तरांचा, कंबर सुधारली वकिलांची. पलंग, चहा आणि तिरक्या माना मेहुण्याला. मास्तरांच्या वाट्याला जमिनीवरची चटई. ते गुडघे छातीशी घेऊन कण्हतात, आणि वर पलंगावरून, चहाचा घोट घेत, मुकादम ओरडतो,

"उचला, दाजी, उचला!"