मामा शेवटच्या थांब्यावर

आरोहीच्या लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे घरी आले तेव्हा बाकीच्यांना त्यात लग्न दिसलं. तिच्या धाकट्या भावाला, प्रफुल्लला, त्यात दीडशे थांबे दिसले.

यात त्याचा दोष नव्हता. कांद्याच्या ट्रकांनी कोणत्या क्रमानं कुठं जावं म्हणजे डिझेल कमी जळेल, यावर तो नाशिकच्या एका कॉलेजात तीन वर्षं संशोधन करत होता. त्यासाठी त्यानं कॉम्प्युटरवर एक मॉडेल बांधलं होतं. मॉडेल उत्तम होतं. फक्त एकही ट्रकवाला ते वापरायला तयार नव्हता. त्याच्या गाइड, डॉ. खुर्शीदा मॅडम, दर सोमवारी शांतपणे म्हणत, "प्रफुल्ल, खऱ्या रस्त्यावर एकदा तरी चालवून दाखव. नाहीतर ही पीएचडी नाही, व्हिडिओ गेम आहे."

"पत्रिका वाटायचं काम माझ्याकडं द्या," प्रफुल्ल जेवताना म्हणाला. "मॉडेल क्रम लावून देईल. लांबचे सगळे मानकरी एका दिवसात उरकतील."

त्याचे वडील वाल्मीकराव पेट्रोल पंपावरच्या फिरत्या आकड्यांकडं हात जोडून पाहणाऱ्यांपैकी होते. "पेट्रोल किती वाचेल?"

"निम्मं."

"दिलं."

"थांबा," आई, म्हणजे उज्वलाबाई, म्हणाल्या. "गणपतीपुढं ठेवली की पहिली पत्रिका माझ्या दादाला. मामाचा मान पहिला."

मान नुसता पत्रिकेचा नव्हता. नवरीला हात धरून बोहल्यावर आणायचं काम मामाचं. मामा नसेल तर नवरी खोलीतून निघत नाही, आणि नवरी निघाली नाही तर उरतं ते नुसतं जेवण.

प्रफुल्लनं लॅपटॉप ताटाशेजारी ठेवला. "आई, आधी देवळाली कॅम्पला आत्या, मग चांदवडला तात्या, मग लासलगावला मामा आणि तिथून घरी. आत्या सकाळीच घरी असतात, त्यामुळं मामाला आधी गाठलं तर मध्ये कॅम्पला परत यावं लागतं आणि बावन्न किलोमीटर वाढतात."

"वाढू दे."

"अगं, सगळं एकाच दिवशी होणार. सकाळी कोणाला दिली आणि दुपारी कोणाला, हे मामाला कळणार कसं?"

हा प्रश्न त्यानं विचारला खरा, पण त्याचं उत्तर मॉडेलमध्ये घातलं नाही.

रविवारी सकाळी गाडी निघाली. चालवायला नईम, प्रफुल्लचा लॅबमधला मित्र; गाडी त्याच्या अब्बांची. मागं आई-वडील, मांडीवर कुंकू-अक्षता. लंकाआत्या म्हणजे वाल्मीकरावांच्या थोरल्या बहीण. मॉडेलनं त्यांना सात मिनिटं दिली होती. आत्यांनी पोहे केले. पोहे संपत आले तसा शिरा आला. शिऱ्यानंतर अल्बम आला.

"आत्या, आम्ही लेट होतोय," प्रफुल्ल म्हणाला.

"अरे हो, विसरलेच," म्हणत आत्यांनी चहा टाकला.

मॉडेलमध्ये शिरा नव्हता, हे प्रफुल्लनं मोबाइलवर नोंदवून ठेवलं. पण खरी चूक अजून व्हायची होती. गाडी गेटाबाहेर पडण्याआधी आत्यांनी पत्रिकेचा फोटो काढून स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'भाचीच्या लग्नाचं सर्वांत पहिलं आमंत्रण. मान राखला माझ्या भावानं.' शेवटी नमस्काराचे हात, सहा जोड्या.

चांदवडच्या अलीकडं आईचा फोन वाजला. आई ऐकत राहिल्या. "हो दादा. नाही दादा. बरं दादा." फोन पर्समध्ये गेला.

"काय म्हणाला?" वाल्मीकरावांनी विचारलं.

"म्हणाला, पत्रिका छान छापलीय."

पुंजाराम मामांच्या हातात अजून पत्रिका पडलीच नव्हती.

चांदवडला गोटीराम तात्या ओट्यावर बसले होते. भावकीत सगळ्यात वडीलधारे. हातात मोबाइल, नजर रस्त्यावर.

"या. देवळालीत वाटून आलात म्हनं."

"तात्या, ते रस्त्यात लागलं," वाल्मीकराव म्हणाले.

"आमीबी रस्त्यातच हाय. आग्रा हायवेला. अख्खा देश हितून जातो." तात्यांनी पत्रिका घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "आधी लेकीच्या सासरी, मग भावकीला. ऱ्हाऊ द्या. मला वाचता येत नाय."

"तात्या, तुम्ही हेडमास्तर होता."

"आज नाय येत."

लासलगावला मामी दारातच उभ्या होत्या. "हे घरी नाहीत," त्या म्हणाल्या. पायरीवर मामांच्या चपला होत्या आणि आतून मामांचा खोकला येत होता.

"कधी येतील?" आईंनी विचारलं.

मामींनी मान वळवून आत पाहिलं. आतून आवाज आला, "सांग, लग्न झाल्यावर."

"लग्न झाल्यावर," मामी म्हणाल्या.

आई उंबऱ्यापाशी गेल्या. "दादा, तू नाही आलास तर आरोहीला बोहल्यावर कोण आणणार?"

"भाचेबुवा आलेत ना कॉम्प्युटर घेऊन? त्येंना विचार. जवळचा रस्ता काढून देतील. खोलीपासून बोहल्यापर्यंत काय लय लांब नसतंय."

परतीच्या वाटेवर विंचूर गेलं, निफाड गेलं. नाशिकचे दिवे दिसायला लागले तेव्हा आईंनी विचारलं,

"किती किलोमीटर वाचले?"

"बावन्न."

"बरं."

घरी आरोही मेंदीचे नमुने पाहत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "प्रफ्या, मामा नाही आले तर मी खोलीतून निघणार नाही. घाल हे तुझ्या मॉडेलमध्ये."

प्रफुल्लनं खरंच घातलं. मानपान मोजता येत नाही असं थोडंच आहे. अट म्हणून लिहिलं की झालं. आईंची अट, मामा आत्यांच्या आधी. वाल्मीकरावांची अट, तात्या मामांच्या आधी, कारण भावकी ती भावकी. आत्यांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मी पहिली होते ती पहिलीच राहणार. स्टेटस काय काढून टाकू?" म्हणजे आत्या तात्यांच्याही आधी. मॉडेलनं बराच वेळ विचार केला आणि कळवलं, की असा रस्ता पृथ्वीवर नाही.

खुर्शीदा मॅडमनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा. मॉडेल बरोबर चालतंय."

"मॅडम, बहिणीचं लग्न आहे."

"मग अटी सैल कर. रुसव्याला दंड लाव. मामा रुसले तर किती किलोमीटरचं नुकसान, हे काढ."

प्रफुल्लनं घरी विचारलं. आई भाजी निवडत होत्या. "माझ्या भावाचा रुसवा किती किलोमीटरला पडतो, ते तुझ्या वडिलांना विचार. एकदा ते त्याला टाकून बोलले होते, तेव्हा मी लासलगावला जाऊन बसले. मला न्यायला किती फेऱ्या मारल्या ते सांगतील."

वाल्मीकरावांनी पेपर तोंडासमोर धरला. "मोजल्या नाहीत," ते पेपरामागून म्हणाले. "पण त्याच वर्षी गाडी विकली."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर मधोमध एक गोल काढला. "हब. सगळा माल एका ठिकाणी आणायचा. तिघांना एका जागी बोलवा, एकाच क्षणी तीन हातांत तीन पत्रिका. पहिला कोणीच नाही."

"पण मॅडम," नईम म्हणाला, "एका जागी बोलवायला आधी फोन कोणाला करायचा?"

मॅडमनी गोल पुसायला डस्टर उचललं. नईमलाच त्यांची दया आली. "कॉन्फरन्स कॉल लावू या ना. तिघांना एकदम."

कॉल लागला.

"हॅलो," आत्या म्हणाल्या.

"पयला फोन मला लागलाय," मामा म्हणाले. "मधी कोन बोलतंय?"

"पुंजाराम, मी गोटीराम. माझा तुझ्याआधी वाजला."

"मामा, तात्या, आत्या, मी प्रफुल्ल. मला एवढंच सांगायचं होतं की..."

"तू गप," तिघं म्हणाले. ते मात्र अगदी एकाच क्षणी.

मग तात्यांनी विचारलं, "पुंजाराम, हे पोरगं आधीपासूनच असं हाय का?"

"लहानपनी बरं होतं," मामा म्हणाले. "मामाच्या गावाला यायचं तवा येष्टीनं यायचं. गुमान बसायचं."

"मला सात मिनिटं दिली होती म्हणे," आत्या म्हणाल्या. "ड्रायव्हरनं सांगितलं."

प्रफुल्लनं नईमकडं पाहिलं. नईम खिडकीबाहेर पाहू लागला.

"सात?" मामांना खरोखर वाईट वाटलं. "ताई, तुमाला सात? अवं, गाडीला कांदा भरायला तासभर लागतोय."

त्यानंतर तिघं प्रफुल्लवर बोलू लागले. त्याच्या शिक्षणावर, केसांवर, एका बारशात त्यानं केलेल्या पराक्रमावर. मधूनच तो मोबाइल कानाला लावून बघे आणि पुन्हा टेबलावर ठेवी. कापायची हिंमत नव्हती. शेवटी तात्या म्हणाले की हे फोनवर मिटणारं नाही. समोरासमोर बसून या लग्नावर बहिष्कार टाकायचा का, ते ठरवू.

"माझ्याकडं या," मामा म्हणाले. "जेवायलाच या."

म्हणजे हब लासलगावला आपोआप तयार झाला. आई-वडील तीन पत्रिका घेऊन एसटीनं गेले तेव्हा तिघं एकाच बाजेवर बसून हरभरे सोलत होते. आईंनी मधोमध पत्रिका ठेवल्या. बहिष्काराचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं. त्यापेक्षा मोठा विषय निघाला होता.

"दाजी, उरलेल्या पत्रिका कुठंयत?" मामांनी विचारलं. "त्या पोराच्या हाती देऊ नका. नाती तोडून ठेवंल. लासलगाव-निफाड माझ्याकडं."

"चांदवड माझं," तात्या म्हणाले.

"नाशिकरोड, कॅम्प मी बघते," आत्या म्हणाल्या.

अशा रीतीनं उरलेल्या सगळ्या पत्रिका वाटल्या गेल्या आणि घरचं पेट्रोल थेंबभरही जळलं नाही. प्रफुल्लनं आकडे मॅडमपुढं ठेवले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "किमानापेक्षा कमी कसं येईल? वास्तव चुकलंय, पुन्हा तपास." पण वास्तव बरोबर होतं. पेपर लिहायला घेतला तेव्हा एकच अडचण उरली, की पद्धतीच्या पहिल्या पायरीत 'तीन ज्येष्ठ नातेवाइकांना दुखवावे' असं लिहावं लागत होतं.

लग्नाच्या दिवशी लॉन्सच्या फाटकावर प्रफुल्ल डोळे लावून उभा होता. मामा येतो म्हणाले होते, पण मामांचा काय नेम. मुहूर्ताआधी तासभर लासलगावच्या रस्त्यावर धूळ दिसली. मामा आले. त्यांच्या मागं टेंपो आले, पिकअप आल्या, कांद्याचे व्यापारी आले, मार्केटातले हमाल आले.

"पत्रिका कमी पडाया लागल्या," मामा उतरता उतरता म्हणाले. "म्हनून मी हजारभर छापून घेतल्या. तात्यांनी पाचशे छापल्या म्हनं, मग आपून मागं ऱ्हायचं का?"

तात्यांनी त्यांच्या हाताखालून शिकून गेलेल्या सगळ्या तुकड्या आणल्या होत्या. आत्यांबरोबर कॅम्पातला अर्धा बाजार होता. आचारी फाटकापर्यंत आला, गर्दीकडं पाहून काही न बोलता परत गेला आणि मठ्ठ्यात पाणी ओतू लागला. वाल्मीकराव खुर्ची शोधत होते. स्वतःच्या मुलीच्या लग्नात ती त्यांना मिळाली नाही.

पण मामांनी आरोहीचा हात धरला आणि तिला बोहल्यावर आणलं. खोलीपासून बोहला जवळ होता. मामांनी तिला अख्ख्या मांडवातून फिरवून आणलं, ओळखीच्या प्रत्येकासमोर थांबत. प्रफुल्लनं घड्याळ पाहिलं नाही.

अक्षता पडल्या. प्रफुल्ल जिलेबीची परात घेऊन पंगतीत गेला आणि थबकला. पानं मांडलेली होती, बसलं जवळपास कोणीच नव्हतं. मधोमध मामा, तात्या आणि आत्या एकमेकांचे हात धरून उभे.

"तात्या, आधी चांदवडकर बसतील."

"अरे, मामाचा मान पयला. लासलगाव बसू दे."

"मी पहिली पत्रिका घेतली, आता पहिली पंगत नको. तुमचे दोघांचे बसवा. आम्ही घरचे."

"ताई, तुमी बसल्याबिगर आमी बसनार नाय."

तिन्ही गावं आपापल्या म्हाताऱ्या माणसाकडं पाहत उभी होती. कुणी कुणाच्या आधी बसायला तयार नव्हतं. मसालेभाताची वाफ विरत चालली होती.

पहिल्या पंगतीला फक्त दोघं बसले होते, खुर्शीदा मॅडम आणि नईम. मॅडम जेवता जेवता या तिढ्याकडं भारावून पाहत होत्या.

"प्रफुल्ल, याचं उत्तर निघेल?"

"नाही मॅडम."

"मग मठ्ठा वाढ."