बट्टीला दगड म्हणणाऱ्या रोहिणी मॅडम

आमच्या बालवर्गातल्या रोहिणी मॅडमना डब्यातलं काही ओळखता येत नाही. पोळीला त्या हातरुमाल म्हणतात, भरताला चिखल. एकदा माझ्या डब्यातल्या शेवभाजीकडे बघून म्हणाल्या, "ताई, हे गांडूळ तुम्हीच पकडलेत का?" त्या दिवशी मी नुसती पोळी खाल्ली.

मॅडमचं वय तेवीस, गाव शिंदखेडा, राहणं पिंप्राळ्यात एका खोलीत. मी शाळेतली जुनी बाई, म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट. यांच्या वर्गात मात्र मधल्या सुट्टीत भाजीबाजार भरतो. मॅडम चुकतात आणि पोरं बेंबीच्या देठापासून ओरडून त्यांना सुधारतात. मॅडम मान हलवून म्हणतात, "असं होय! मला कुणी सांगितलंच नाही." नव्या पोरी फार शिकून येतात, हे माझं मत मी मुख्याध्यापिकांना अधूनमधून कळवत असे.

एका दुपारी खुशीची आजी डबा घेऊन थेट वर्गात आल्या. खुशी जूनपासून शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. मॅडम रोज तिच्या डब्यापाशी हटकून चुकायच्या, ती नुसती बघायची.

"मन्ही बट्टीले दगड कोण म्हणस?" डब्यातला कणकेचा खरपूस गोळा दाखवत आजींनी विचारलं. घरी कोणा भावंडाने चहाडी केली होती.

पाठोपाठ मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी पोरांसमोरच मॅडमची हजेरी घेतली. हे चाळे उद्यापासून बंद, नाहीतर दुसरी नोकरी बघा, असं स्वच्छ सांगितलं. मॅडम खाली मान घालून उभ्या. खरं सांगते, मला तेव्हा फार वाईट वाटलं.

तेवढ्यात खुशी उठली. तिने मॅडमची ओढणी ओढली.

"दगड नही शे. बट्टी शे. खाय."

आजी मटकन लहान खुर्चीतच बसल्या, खुर्ची कुरकुरली. डोळ्यांना पदर लावून मुख्याध्यापिकांना म्हणाल्या, "हिले काढानं नही." मुख्याध्यापिका निघून गेल्या. मॅडमनी अख्खी बट्टी खाल्ली. वरण नव्हतं, त्यामुळे ठसका लागला.

घरी जाताना मी विचारलं, हे कोणत्या कोर्सात शिकवतात?

मॅडम हसल्या. "लहानपणी मीही बालवाडीत वर्षभर गप्प होते, ताई. तोंड उघडलं की अहिराणी यायची आणि सगळे हसायचे." स्कूटीची किल्ली बराच वेळ चाचपून त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर कधी कुणी चुकलंच नाही हो."